कडेच्या दोन खुर्च्या

दवाखान्यात ज्येष्ठ रुग्णांबरोबर येणारी मंडळी औषधांविषयी विचारतात, पथ्याविषयी विचारतात, झोपेविषयी आणि पोट साफ होण्याविषयी तर आवर्जून विचारतात. हॉटेलात न्यावे का, गाण्याला न्यावे का, चार दिवस गावाला जाऊन यावे का, हे मात्र फारसे कोणी विचारत नाही. त्याचे उत्तर घरच्या घरी, बहुधा रुग्णाला न विचारताच, ठरून गेलेले असते. ‘आता कुठे त्यांना दगदग’, एवढे एक वाक्य पुरते. तीस वर्षांच्या व्यवसायात हे वाक्य मी शेकडो वेळा ऐकले. आमच्या घरात ते ऐकू आले तेव्हा ते उच्चारणारे स्वतः रुग्णच होते, आणि रुग्ण म्हणजे माझे पती.

ह्यांना पार्किन्सन्सचा आजार आहे. निदान होऊन सहा वर्षे झाली. हे स्थापत्य अभियंता. आराखड्यावरचे ह्यांचे अक्षर म्हणजे जणू छापील. ते हळूहळू बारीक होत गेले. फोडणीचा वास येईनासा झाला. मग एक दिवस वर्तमानपत्र वाचताना मांडीवर स्वस्थ पडलेला उजवा हात कापताना मला दिसला, आणि पुढचे सारे मला तपासणीआधीच कळून चुकले. लंडनच्या जेम्स पार्किन्सन या डॉक्टरांनी १८१७ साली ज्याचे वर्णन केले, आपल्याकडे ज्याला कंपवात म्हणतात, तोच हा आजार. मेंदूतील डोपामिन तयार करणाऱ्या पेशी कमी होत जातात. हालचाली मंदावतात, स्नायू ताठरतात, बहुतेकांना कंप सुटतो. लिव्होडोपा हे औषध कित्येक वर्षे चांगला आधार देते, आजार मात्र जात नाही.

लग्नापासून आम्ही दोघे तसे भटकेच. ठरवून, यादी करून असे फारसे काही केले नाही. दवाखाना बंद केला की ‘अहो, निघायचं का?’ एवढे म्हणायचे. कुठे नवी खानावळ उघडली आहे, कुठे गाणे आहे, कुठल्या गाडीला जागा शिल्लक आहे, याची खबर ह्यांना माझ्या आधी असे. निदानानंतर वर्ष-दीड वर्षात हे सारे मावळले. चालण्याची शक्ती तेव्हा चांगली होती. औषधाचा गुणही छान होता. कारण निराळेच होते. एका लग्नाच्या पंगतीत ह्यांच्या हातून मठ्ठ्याची वाटी कलंडली. समोर बसलेला एक लहान मुलगा टक लावून ह्यांच्या हाताकडे पाहत राहिला आणि त्याच्या आईने त्याला चिमटा काढला. त्या दिवसापासून ह्यांनी बाहेर जेवणे सोडले. ‘लोक बघतात,’ असे मला एकदाच म्हणाले, पुन्हा तो विषय नाही.

यात वैद्यकीय भागही आहे. आपल्याकडे कोणी पाहत आहे या जाणिवेने कंप वाढतो; घाई, भीती, राग, अगदी आनंदानेही वाढतो. म्हणजे लाजेने हात अधिक कापतो आणि हात कापल्याने लाज वाढते. या आजाराने शरीराचा ताबा घ्यायला वर्षानुवर्षे लागतात. संकोच मात्र माणसाचे बाहेरचे जग काही महिन्यांत बंद करून टाकतो. घरात बसलेल्या माणसाचे चालणे कमी होते, बोलणे कमी होते, आवाज आणखी खोल जातो, मन उदास होते. औषधाचा डोस वाढवून हे भरून निघत नाही.

शेवटी मी दवाखान्याच्या कागदावर रीतसर लिहून दिले: आठवड्यातून एकदा, दुपारी चार वाजता, घराबाहेर, पत्नीसमवेत. कागद वाचून हे म्हणाले, ‘डॉक्टरीणबाई, फी किती?’ मी म्हटले, ‘डोशाचं बिल तुम्ही द्यायचं.’

चारची वेळ विचारपूर्वक निवडलेली होती. पुण्यातील उडुपी हॉटेलांत दुपारच्या जेवणाची गर्दी ओसरलेली असते आणि संध्याकाळची सुरू व्हायची असते. टेबलासाठी मागे कोणी ताटकळत उभे नसते, वेटरला घाई नसते, गोंगाट कमी असल्याने ह्यांचा बारीक झालेला आवाज मला ऐकू येतो. वेळेला आणखी एक कारण आहे. लिव्होडोपाची गोळी जेवणाआधी अर्धा ते एक तास, पाण्याबरोबर घ्यावी. प्रथिनांचे जेवण आणि ही गोळी आतड्यात एकाच दारातून आत शिरू पाहतात. पनीर, डाळ, दही पोटात असेल तर काही रुग्णांत गोळीचा अंमल उशिरा येतो किंवा कमी येतो. सगळ्यांनाच हा त्रास होतो असे नाही, आणि त्यासाठी प्रथिने सोडणे तर चुकीचेच. आम्ही एवढेच करतो की गोळीची वेळ हलवत नाही, हॉटेलची हलवतो. सव्वातीनला गोळी, पावणेचारला घरातून निघायचे, सव्वाचारला पहिला घास. त्या वेळी ह्यांचे हातपाय दिवसातील सर्वांत चांगल्या स्थितीत असतात. घरच्यांनी हे तास नीट टिपून ठेवावेत. बाहेर पडण्याचा मुहूर्त पंचांगात पाहण्यापेक्षा त्या वहीत पाहावा.

काय मागवावे हेही अनुभवाने कळत गेले. डोसा, थालीपीठ, घावन यांना हाताची पकड पुरते. साबुदाण्याची खिचडी चमच्यातून विखुरते. सूप तर आम्ही वर्ज्यच केले आहे. मिसळीवर ह्यांचा फार जीव. रश्श्याच्या वाटीशी झटापट होणार हे गृहीत धरून ह्यांनी गडद तपकिरी चौकड्यांचा एक शर्ट खास राखून ठेवला आहे. घरात त्याचे नावच ‘मिसळीचा शर्ट’. तर्रीचा एकही डाग पडला नाही तर मिसळ पांचट होती, असा ह्यांचा निकाल असतो.

चहा-कॉफीची अडचण मात्र सुटत नव्हती. पार्किन्सन्सचा कंप मुख्यतः हात विसावलेला असताना असतो. हात कपाकडे जाताना तो थांबतो, पण कप ओठांजवळ स्थिरावला की काही सेकंदांत पुन्हा डोके वर काढतो. नेमका तिथेच घात होतो. आमच्या नेहमीच्या हॉटेलातील एका वेटरने दोन-तीन खेपा हे पाहिले असावे. चौथ्या खेपेला त्याने एका कॉफीऐवजी दोन पेले आणून ठेवले, दोन्ही निम्मे भरलेले. काही बोलला नाही, थांबलाही नाही. फडके खांद्यावर टाकून पुढच्या टेबलाकडे निघून गेला. बिलात कॉफी एकच होती. फिजिओथेरपीच्या पुस्तकात मी जे वाचले होते ते त्याने नुसते पाहून ओळखले. तेव्हापासून ह्यांची कॉफी सर्वत्र अशीच येते, आणि ती मागताना हे आता संकोचत नाहीत.

दोन गोष्टी मात्र मी सांभाळते. या आजारात पुढे गिळण्याची क्रियाही मंदावते. म्हणून घास तोंडात असताना मी प्रश्न विचारत नाही. हे ताठ बसून, हनुवटी किंचित खाली घेऊन गिळतात. पाण्याच्या घोटागणिक ठसका लागू लागला तर ते हसण्यावारी न नेता डॉक्टरांना सांगावे. गिळण्याची तपासणी आणि त्याचे व्यायाम वाचातज्ज्ञांकडे होतात. दुसरी गोष्ट उठण्याची. भरपेट जेवणानंतर रक्त पोटाकडे वळते आणि वयस्क माणसाचा रक्तदाब उतरू शकतो. पार्किन्सन्समध्ये तर अधिकच. बिल आले की ताडकन उठायचे नाही. आधी टेबलाखाली पावले हलवायची, दोन घोट पाणी प्यायचे, मग खुर्चीला धरून उभे राहायचे, आणि क्षणभर थांबून पाऊल टाकायचे. तेवढ्या वेळात बडीशेपही चघळून होते.

आणि माझ्या ताटाचे काय? काळजी घेणाऱ्या व्यक्तीचा पदार्थ नेहमी गार होतो, हे मी कितीतरी घरांत पाहिले आहे. पुण्यातील पार्किन्सन्स मित्रमंडळात रुग्णाला ‘शुभार्थी’ आणि त्याची काळजी घेणाऱ्याला ‘शुभंकर’ म्हणतात. शब्द मला आवडतात. पण शुभंकरालाही भूक लागते. मी माझा डोसा गरम असतानाच खाते. ह्यांना मदत हवी असेल तर हे मागतात. मागितल्याशिवाय मी हात पुढे करत नाही, आणि हे पाळणे वाटते तितके सोपे नाही.

डिसेंबर आला की आमच्या घरात सवाई गंधर्व भीमसेन महोत्सवाची चर्चा सुरू होते. पंडित भीमसेन जोशी यांनी आपल्या गुरूंच्या स्मरणार्थ हा उत्सव १९५३ साली सुरू केला. विद्यार्थिदशेत रात्रभर गाणे ऐकून सकाळी तशीच वॉर्डात गेल्याचे मला आठवते. नंतर वेळेची बंधने आली, जागाही बदलली. रमणबागेतून उत्सव मुकुंदनगरला गेला. आमच्यातही बदल झाले. पूर्वी भारतीय बैठकीत, सतरंजीवर, शालीत गुरफटून बसत असू. आता खुर्ची लागते, तीही रांगेच्या कडेची. कडेची एक खुर्ची ह्यांना, तिला लागून मला. तिथून प्रसाधनगृहाकडे जाताना वीस गुडघे ओलांडावे लागत नाहीत, आणि पाय आखडले तर मागे जाऊन चार फेऱ्या मारता येतात. थंडीत ताठरपणा वाढतो, म्हणून मोजे, कानटोपी आणि गरम पाण्याचा थर्मास. गोळ्यांची डबी माझ्या पर्समध्ये आणि तिची जुळी ह्यांच्या खिशात.

पहिल्या वर्षी आत शिरतानाच ह्यांचे पाय जमिनीला खिळले. अरुंद जागा, दाराची चौकट, मागून रेटणारी माणसे, यांनी हमखास असे होते. माणूस पुढे झुकतो, पावले मात्र उचलत नाहीत. अशा वेळी ओढू नये. ओढले की तोल जातो. मागून एक गृहस्थ म्हणाले, ‘काका, सरका ना पुढे.’ हे शांतपणे म्हणाले, ‘थांबा हो, सम यायची आहे.’ ते गृहस्थ हसले आणि दोन पावले मागे झाले. मग मी ह्यांच्या कानाशी तीनतालाचा ठेका धरला, धा धिं धिं धा, आणि पुढच्या समेला ह्यांचा उजवा पाय उचलला गेला. यात चमत्कार काही नाही. पार्किन्सन्समध्ये आतून येणारा हालचालीचा इशारा क्षीण होतो. बाहेरून नियमित ठेका मिळाला की मेंदूला दुसरा मार्ग सापडतो. फिजिओथेरपीत यासाठी तालमापक यंत्राचा ठोका वापरतात. आमच्याकडे तबला आहे, एवढाच फरक.

आत बसल्यावर मी गाण्याइतकीच ह्यांच्या उजव्या हाताकडे पाहत होते. आलापीत हात मांडीवर विसावला की त्याचा कंप सुरू, सेकंदाला चार-पाच वेळा. द्रुत सुरू झाले आणि हे हाताने ताल देऊ लागले. टाळी, टाळी, काल, टाळी. तो हात कापत नव्हता. सोळा मात्रांचे आवर्तन संपून नवे सुरू होई आणि हात आपल्या जागी बरोबर पडे. सहेतुक हालचालीत हा कंप मंदावतो हे मी रुग्णांना नेहमी सांगत आले. पण त्या मांडवात, दिव्यांच्या उजेडात, माझ्यातील डॉक्टर गप्प बसली होती. शेजारच्या आजींनी मला विचारले, ‘गाता का हो हे?’ मी म्हटले, ‘नाही, ऐकतात.’

शेवटच्या कलाकारापर्यंत आम्ही थांबत नाही. गोळीचा अंमल ओसरण्याआधी रिक्षात बसायचे, हा नियम. मध्येच उठून येण्यात कसला कमीपणा? तिकिटाचे पैसे पुरेपूर वसूल झाले पाहिजेत या हट्टापायी पुष्कळ ज्येष्ठ मंडळी पहिलीच सहल शेवटची करून टाकतात. गेल्या डिसेंबरात एका संध्याकाळी ह्यांना अजिबातच बरे वाटत नव्हते. ह्यांचे धाकटे बंधू सोबतीला आले आणि मी एकटी गेले. कडेची खुर्ची रिकामी होती, तिच्यावर शाल ठेवली. गाणे उत्तम झाले. घरी आल्यावर हे जागेच होते. कोण काय गायले, हे मला तासभर तपशीलवार सांगावे लागले.

प्रवासाची सुरुवात आम्ही जवळून केली: डेक्कन क्वीनने मुंबई. १ जून १९३० पासून धावणाऱ्या या गाडीला डायनिंग कार आहे, टेबल-खुर्चीवर बसून न्याहारी करण्याची. पूर्वी आम्ही तेवढ्यासाठी मुंबईला जात असू. सकाळी सव्वासातला गाडी पुण्याहून सुटते. त्याच्या हिशेबाने गोळी घेतली. खंडाळ्याच्या घाटात ऑम्लेट आणि चहा समोर आला आणि गाडीला वळणावर हिसका बसला. पलीकडच्या टेबलावरच्या सुटाबुटातील गृहस्थांचा चहा बशीत, माझा चहा टेबलावर, ह्यांचाही थोडा सांडला. हे सगळीकडे पाहून मला हळूच म्हणाले, ‘अगं, इथे सगळ्यांनाच पार्किन्सन्स आहे.’ इतके मनापासून हसलेले मी ह्यांना दोन वर्षांत पाहिले नव्हते.

त्यानंतर रत्नागिरी, कोकण रेल्वेने. येथे औषधांबद्दल एक गोष्ट अगदी स्पष्ट लिहिते, कारण प्रवासात हा प्रसंग कोणावरही येतो. घाटात किंवा बसमध्ये मळमळले, चक्कर आली की आपण औषधाच्या दुकानातून एक गोळी मागतो. उलटीसाठी दिले जाणारे मेटोक्लोप्रामाइड आणि प्रोक्लोरपेराझिन, तसेच चक्कर आणि बस लागणे यासाठीचे सिनारिझिन व त्याच जातीचे फ्लुनारिझिन ही औषधे डोपामिनचे काम अडवतात. पार्किन्सन्सच्या रुग्णाला ती देऊ नयेत. त्यांनी आजार वाढल्यासारखा दिसतो. कंप नसलेल्या वयस्क व्यक्तींनाही ही औषधे दीर्घकाळ दिल्यास कंप आणि ताठरपणा येऊ शकतो. म्हणून निघण्यापूर्वीच आपल्या डॉक्टरांकडून चालणारे औषध लिहून घ्यावे आणि चालू औषधांच्या चिठ्ठीची प्रत जवळ ठेवावी. गोळ्या हातातल्या पिशवीत, लागतील त्यापेक्षा चार दिवसांच्या जास्त. लिव्होडोपा एकदम बंद पडणे धोक्याचे असते; गाडी चुकली तरी चालेल, गोळी चुकता कामा नये. आणि स्वच्छतागृहाच्या भीतीने पाणी पिणे सोडू नये. त्याने बद्धकोष्ठ वाढते, रक्तदाब उतरतो, लघवीला जळजळ सुरू होते, आणि मग खोलीवरच पडून राहावे लागते.

खोली ठरवताना समुद्र दिसतो का हे आम्ही शेवटी विचारतो. न्हाणीघरात धरायला दांडा आहे का, उंबरा किती उंच, कमोड आहे का, फरशी घसरते का, हे आधी. एका ठिकाणी फोनवर ‘सगळं आहे’ असे उत्तर मिळाले. प्रत्यक्षात खोली दुसऱ्या मजल्यावर, जिन्याला कठडा एका बाजूला आणि न्हाणीत बुळबुळीत फरशी. मालकांशी वाद न घालता तळमजल्यावरची समुद्र न दिसणारी खोली घेतली. ह्यांनी तिथल्या तिथे उंबऱ्याला उतार कसा द्यावा, याचा आराखडा वहीच्या पानावर काढून मालकांच्या हातात दिला. अक्षर बारीक होते, रेषा सरळ होत्या.

थिबा राजवाडा पाहिला. ब्रह्मदेशाच्या शेवटच्या राजाला इंग्रजांनी १८८५ साली पदच्युत करून येथे ठेवले. राजवाडा १९१० च्या सुमाराचा, आणि १९१६ मध्ये राजाचे निधन येथेच झाले. छताच्या लाकूडकामाकडे बराच वेळ पाहून हे म्हणाले, ‘ह्याला बाहेर जेवायला कोण नेत असेल?’ दुसऱ्या दिवशी एस.टी.ने गणपतीपुळे. २०२३ पासून महिलांना एस.टी.त निम्मे तिकीट. ह्यांना ज्येष्ठांची सवलत मिळायला अजून दोन वर्षे आहेत. कंडक्टरने दोन तिकिटे फाडली तेव्हा हे मला म्हणाले, ‘आजारी मी आणि सवलत तुला!’

भाट्याच्या किनाऱ्यावर कोरड्या वाळूत ह्यांना चालता येईना. पाय रुततात, तोल जातो. ओहोटीची ओली, घट्ट वाळू बरी. तिथेही दहा पावलांवर पाय अडले. मी पुढे जाऊन जरा दूर दूर पावले टाकत चालले. जमिनीवर आडव्या खुणा दिसल्या की पाऊल उचलायला मदत होते. रेल्वेच्या फलाटावर फरशीच्या रेषांचा आम्ही असाच उपयोग करतो. माझ्या पावलांच्या ठशांवर नेम धरून हे येत राहिले. मागे वळून पाहायचे नाही असे मी ठरवले होते. मागून पाण्यातला चपचप आवाज येत होता, तो मोजत राहिले.

गोळीचा अंमल पूर्वी पाच तास टिके, आता साडेतीन तास टिकतो. दिल्ली, सिमला ही नावे आमच्या बोलण्यातून हलकेच गळली आहेत. त्याबद्दल आम्ही बोलत नाही, असेही नाही. मागच्याच आठवड्यात हे म्हणाले, ‘जे साडेतीन तासांत बसतं, ते काय थोडं आहे?’ मग दोघांनी नकाशा काढला.

पुढच्या महिन्यात गोव्याला निघालो आहोत, रात्रीच्या गाडीने. ज्येष्ठांची भाडे-सवलत रेल्वेने मार्च २०२० मध्ये थांबवली ती थांबवलीच; खालच्या बर्थचा राखीव कोटा मात्र आहे, पुरुषांना साठीनंतर, स्त्रियांना पंचेचाळिशीनंतर. त्यामुळे दोघांनाही खालचे बर्थ मिळाले आहेत, समोरासमोर. ह्यांची एकच अट आहे. गाडीतली कॉफी अर्धी-अर्धी नको. पूर्ण भरलेला कप हवा, आणि तो गाडी चालू असतानाच.